घाटातली गाडी : चेन की बेल्ट?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबर सरेपर्यंत त्र्यंबकेश्वरात दुचाकीच्या कोणत्या भागाचे सगळ्यात जास्त हाल होतात, असं विचारलं तर बरेच जण ब्रेक किंवा टायर म्हणतील. मला वाटतं, इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणाऱ्या भागाचे. इंजिन आपल्या पेटीत बंद असतं, टायर तर भिजायलाच बनवलेला. चेन किंवा बेल्ट मात्र फिरत्या चाकाला खेटून, उडत्या चिखलात दिवस काढतो. ब्रह्मगिरीवरून उतरणारं पाणी रस्त्यावर बारीक खडी आणून टाकतं. आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेला खाचरातला गारा डांबरावर पसरतो. पहिनेला धबधबे बघायला आलेल्या गाड्या, हरसूलकडे निघालेल्या जीप, तोरंगण घाटातून मोखाडा-जव्हारकडे जाणारे ट्रक, सगळे तो गारा आपल्या अंगावर उडवत जातात.

म्हणून इथल्या एका गॅरेजात, पावसाची झड लागलेली असताना मामा-भाच्यांत जो वाद रंगला, तो मला लिहून ठेवावासा वाटला. गॅरेज मामांचं. भाचा नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करतो आणि बेल्टवर चालणारी इलेक्ट्रिक स्कूटर वापरतो. वादाचं कारण मामांची मुलगी. ती आरोग्यसेविका आहे. लसीकरणाला आणि बाळंतिणींना भेटायला तिला हरसूलच्या बाजूच्या पाड्यांवर जावं लागतं, आणि तिची जुनी गाडी आता थकली आहे. नवी कोणती घ्यायची, एवढाच प्रश्न. मी पंक्चर काढायला थांबलो होतो.

भाचा : मामा, ताईला बेल्टवालीच घ्या. चेनला तेल घाला, ताण बघा, घाण पुसा, हे तिनं कधी करायचं? बेल्टला यातलं काही लागत नाही.

मामा : फिरणाऱ्या वस्तूला काहीच लागत नाही, असं होतं का कुठं?

भाचा : तेल तरी लागत नाही ना! दातेरी बेल्ट म्हणजे नुसतं रबर नाही. आत कार्बनच्या नाहीतर अ‍ॅरामिडच्या दोऱ्या असतात. ताणून ताणल्या जात नाहीत. तुमची चेन दर पावसाळ्यात लांबते.

मामा : चेनची पट्टी कधी लांबत नाही रे. पिन झिजते, बुश झिजतो. शंभरावर सांधे असतात, एकेकात केसाएवढी झीज. सगळी मिळून बोटभर होते, मग आपण म्हणतो चेन लांबली. इकडे ये, दाखवतो.

मामांनी स्टँडवर चढवलेल्या एका मोटारसायकलच्या मागच्या स्प्रॉकेटवरची चेन दोन बोटांत धरून मागे ओढली. धडधाकट चेन दात्याला चिकटून बसते. ही अर्धा दाता उघडा पडेल इतकी उचलली गेली. मग त्यांनी दाते दाखवले. सरळ उभे असायचे ते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले होते. सांध्यांवर तांबूस गंज, आणि त्यात बसलेली वाळू नखानं निघत होती.

मामा : ही गाडी चार महिने बोंबलतेय. सुरुवातीला नुसती करकर. मग गिअर टाकला की धक्का. मग घाटात कटकट. मालकानं लक्ष दिलं नाही, पण चेननं सांगायचं ठेवलं नाही.

भाचा : मालकानं ऐकलं नाही, हाच तर माझा मुद्दा. तुमच्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांमधल्या किती चेनना वेळेवर तेल असतं?

मामांनी यावर उत्तर दिलं नाही. त्यांनी चेनवर ब्रश फिरवायला घेतला, आणि मला ते उत्तरच वाटलं. उघडी, कोरडी, वाळूनं भरलेली चेन आणि कुणी न पाहिलेला बेल्ट, अशी तुलना केली तर बेल्टच जास्त टिकेल यात मला शंका नाही. पण वाद इथे थांबण्यासारखा नव्हता, कारण बेल्ट या एका शब्दाखाली दोन निराळ्या वस्तू खपतात आणि दोघंही मधूनमधून त्यांची गल्लत करत होते.

पेट्रोलच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतो तो व्ही आकाराचा, घर्षणावर चालणारा बेल्ट. दोन पुल्यांच्या तबकड्या जवळ-लांब सरकतात, बेल्ट वर-खाली चढतो आणि गिअर आपोआप बदलल्यासारखा होतो. आपल्याकडे ही रचना घराघरांत पोहोचवली ती १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडानं. हा बेल्ट घसरू शकतो, तापतो, आणि त्याच्या पेटीत पाणी शिरलं तर गाडी जागच्या जागी गुरगुरत राहते. भाच्याच्या स्कूटरमधला दुसरा. त्याला दाते असतात, ते पुलीच्या खाचांत बसतात, घसरायचा प्रश्न नाही. तो गिअरचं काम करत नाही, फक्त मोटरची ताकद चाकाकडे नेतो. थोडक्यात, चेनची जागा त्यानं घेतली आहे. पुण्याच्या आकुर्डीतून निघालेल्या बजाजच्या जुन्या चेतकला तर यातलं काहीच नव्हतं. इंजिन चाकाशेजारीच आणि मध्ये थेट गिअर. २०२० साली आलेली विजेवरची चेतकही गिअरवरच चालते. मामांनी ते लगेच बोलून दाखवलं, पण ताईच्या गाडीचा प्रश्न चेतकवर सुटणार नव्हता, म्हणून ती बाजूला राहिली.

भाचा : मग दातेरी बेल्टबद्दलच बोलू. हार्ले-डेव्हिडसननं १९८० पासून मागच्या चाकाला बेल्ट लावायला सुरुवात केली. ती काय हलकी गाडी आहे?

मामा : तिथले रस्ते बघितलेस का? सरळ, कोरडे, रुंद. आणि तीच हार्ले हिरोनं आपल्याकडे बनवली २०२३ ला, एक्स ४४०. तिला काय लावलं? चेन.

भाचा : ते किमतीसाठी असेल.

मामा : असेल. इथल्या मिस्त्रीला जमावी म्हणूनही असेल. ओलाच्या स्कूटरला आधी तुझ्यासारखा बेल्ट होता. २०२५ च्या नव्या पिढीत त्यांनी चेन लावली. विजेवरची गाडी, तरी चेन!

भाचा : आणि एथर अजून बेल्टवरच आहे, मामा. एकानं सोडला म्हणून बेल्ट वाईट ठरत नाही. उलट विजेच्या गाडीत बेल्टचा एक मोठा फायदा आहे. उतारावर तुम्ही मूठ सोडली की मोटर उलटी होऊन बॅटरी भरते आणि गाडी आपोआप अडते. म्हणजे दात्यांवर एकदा पुढून जोर, एकदा मागून. चेन थोडी ढिली असतेच, तिथे प्रत्येक वेळी झटका बसतो. बेल्ट ताठ असतो. घाट उतरताना मला एकही झटका जाणवत नाही.

हा मुद्दा मला पटला. तोरंगण घाट ज्यानं पावसात उतरला आहे, त्याला त्या झटक्याची किंमत कळते. ओल्या वळणावर मागचं चाक एकदम ओढल्यासारखं झालं तर घसरायला तेवढं पुरतं. पण मामांना त्याच वाक्यात दुसरी गोष्ट दिसली.

मामा : म्हणजे उतारावरची ती अडवणूकही बेल्टवरच अवलंबून. बेल्ट तुटला तर?

भाचा : ब्रेक आहेत की दोन्ही चाकांना.

मामा : आहेत. पण घाटाच्या मध्यावर पाठीमागची अडवणूक एकदम नाहीशी झाली, तर नव्या माणसाची घाबरगुंडी उडते. चेनही तुटते, नाही म्हणत नाही. पण चेन तुटायच्या आधी किती दिवस सांगते, ते तू आत्ता बघितलंस.

भाच्यानं मग एक दूरचं उदाहरण काढलं. गुलमर्गला गेलेल्या आपल्याकडच्या पर्यटकांनी बर्फावर पळणाऱ्या त्या गाड्या पाहिलेल्या असतात, पुढे दोन पट्ट्या आणि मागे चाकाऐवजी फिरणारा रबरी ट्रॅक. अमेरिका-कॅनडाच्या डोंगरांत त्यांचा एक खास प्रकार चालतो. कंबरभर भुसभुशीत बर्फातून चढ चढायचा, म्हणून गाडी जितकी हलकी तितकी चांगली. त्यांत इंजिनापासून आधी स्कूटरसारखा व्ही बेल्ट असतो, आणि तिथून खाली ट्रॅकच्या दांड्यापर्यंत ताकद न्यायला वर्षानुवर्षं चेनकेस असे : धातूची बंद पेटी, आत तेल, तेलात फिरणारी चेन. पोलारिस कंपनीनं २०१३ च्या आपल्या डोंगरी मॉडेलांत ती पेटी काढून दातेरी बेल्ट बसवला.

भाचा : वजन कमी झालं, तेल बदलायचं काम गेलं, आणि फिरणारा भार कमी म्हणून मूठ पिळली की ट्रॅक लगेच उचल घेतो. एवढ्या थंडीत, एवढ्या बर्फात बेल्ट चालतो, तर आपल्या पावसाचं काय घेऊन बसलात?

मामा : बर्फात खडी असते का?

भाचा हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दातेरी बेल्टचा खरा शत्रू पाणी नाही, खडा आहे. पुली आणि बेल्ट यांच्यामध्ये एक टणक खडा सापडला की तो दात्याच्या बुडाशी रुततो आणि आतल्या दोऱ्यांना इजा करतो. वरून रबर तसंच दिसतं. पुढे कधीतरी भरल्या गाडीनं चढ चढताना बेल्ट तिथूनच जातो. कार्बनच्या दोऱ्यांचा बेल्ट हातानं घट्ट वाकवला, दुमडून डिकीत कोंबला, तरी हीच इजा होते. बर्फातल्या त्या गाड्यांबद्दलही तिथे एकमत झालेलं नाही. स्की-डू गाड्या बनवणाऱ्या कॅनडाच्या बीआरपीनं डोंगरी मॉडेलांत तेलातली चेन सोडली नाही. तिच्या पेटीच्या बुचाला लोहचुंबक असतं. तेल बदलताना त्याला चिकटलेला लोखंडी कीस पाहिला की आत किती झीज झाली ते कळतं. मुक्कामापासून वीस-पंचवीस किलोमीटर लांब बर्फात अडकायचं नसेल, तर असा आधी मिळणारा इशारा मोलाचा.

चेनकेसचं वर्णन ऐकताना मामांच्या हातातला ब्रश थांबला होता.

मामा : हे तर आपल्याकडे होतं रे! जावा, येझदी. म्हैसूरच्या. मागची चेन पुरती झाकलेली. पुढे-मागे पत्र्याची पेटी, मध्ये वर-खाली दोन रबरी नळ्या, चेन त्यातून जायची. बाहेरून चेन दिसायचीच नाही. राजदूतलाही पूर्ण कव्हर. दूधवाले कॅन लटकवून चिखलातून जायचे, चेनला काही व्हायचं नाही.

भाचा : मग गेलं कुठं ते?

मामा : म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. पुढं गाड्या दिसायला देखण्या पाहिजेत म्हणून कव्हर अर्धं झालं, मग वरची नुसती पट्टी राहिली. साध्या शंभर सीसीच्या गाड्यांना अजून पूर्ण कव्हर येतं. पोरं घेतात ती ऐटदार गाडी, तिची चेन उघडी.

इथे मी माझं मत लपवत नाही. या मुलखासाठी पूर्ण कव्हर सोडणं ही चूक झाली. चेनचा दुबळेपणा म्हणून जो सांगितला जातो, तो बराचसा उघडेपणाचा दुबळेपणा आहे. पाणी, वाळू आणि धुपून गेलेलं तेल या तिघांनी चेन खाल्ली जाते. झाकली की तिन्हींची धार जाते. आता महाग गाड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्याला बारीक रबरी कडी घालून आतलं ग्रीस कोंडलेलं असतं, आणि तो उपाय चांगला आहे. पण ज्या माणसाला दिवसाला पन्नास किलोमीटर पाड्यांवर हिंडायचं आहे, त्याच्या स्वस्त गाडीला पत्र्याचा एक डबा जास्त उपयोगाचा. दुकानात उभ्या असलेल्या गाडीकडे पाहून घेणारा कव्हरकडे बघत नाही, कंपनीही त्याची जाहिरात करत नाही, आणि भुर्दंड पडतो तो अशा रस्त्यांवर राहणाऱ्यांना.

भाचा मात्र सहज मान्य करणारा नव्हता.

भाचा : कव्हरला एक भोक असतं, ताण बघायला. त्याला रबरी बूच असतं. तुमच्या गॅरेजात आत्ता कव्हरवाल्या तीन गाड्या उभ्या आहेत. किती जणींना बूच आहे?

तिघांनी पाहिलं. एकीला होतं. उरलेल्या दोघींच्या भोकातून आत बघितलं तर कव्हरच्या तळाला काळा चिखल साठला होता आणि चेनचा खालचा पदर त्यात घासत होता. म्हणजे झाकण चिखल अडवतंही आणि एकदा शिरलेला चिखल सांभाळूनही ठेवतं. मामांनी काही न बोलता कपाटातून बुचांची पुडी काढली आणि दोन्ही भोकं बंद केली, आधी काडीनं आतला गाळ ओढून.

मामा : बरं, हे तुझं. आता माझं ऐक. माझ्या लहानपणी इथं पिठाची गिरणी ऑइल इंजिनावर चालायची. इंजिनापासून गिरणीपर्यंत हा एवढा लांब पट्टा. पावसाळ्यात हवा दमट झाली की पट्टा घसरायचा, गिरणीवाला त्यावर राळ टाकायचा. तुटला की दोन टोकं जोडून क्लिपा ठोकायचा, अर्ध्या तासात गिरणी सुरू. पट्टा वाईट असतो असं मी म्हणतच नाही. पण तो जोडता यायचा. तुझा बेल्ट जोडता येतो?

भाचा : नाही. तो अखंडच असतो. बदलावा लागतो.

मामा : आणि चेन तुटली तर? खिशात एक चेनलॉक, एक पाना, एक पक्कड. तुटलेला सांधा काढायचा, लॉक घालायचं. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन फिरते त्या बाजूला ठेवायचं, म्हणजे उडत नाही. एक सांधा कमी पडला तर चाक थोडं पुढं घ्यायचं. घरी येण्यापुरती गाडी चालते. बेल्टवाल्याला काय? टोचन, नाहीतर छोटा हत्ती बोलवायचा. आणि तिथं मोबाईलला रेंज पाहिजे.

इतका वेळ ताई आत गाडीचे कागद शोधत होती. ती बाहेर आली आणि तिनं दोघांनाही एकदम गप्प केलं.

ताई : तुम्ही दोघं गाडी किती टिकते ते बोलताय. माझ्याकडे लसीचा डबा असतो. आत बर्फाच्या पिशव्या. सत्र संपवून संध्याकाळच्या आत तो परत पोहोचवायचा असतो. गाडी पाच वर्षं टिकली का सहा, त्यानं मला फरक पडत नाही. बंद पडली तर कुठं पडेल आणि मी किती वेळात निघेन, ते सांगा.

मी या प्रश्नावर बराच विचार केला आहे. विश्वास कशावर ठेवायचा याचं उत्तर वस्तूत जितकं असतं, तितकंच रस्त्यात आणि माणसात असतं. नाशिक शहरात भाच्याच्या बेल्टला मी निर्धास्तपणे चांगला म्हणेन. तुटला तरी सर्व्हिस सेंटर जवळ, रिक्षा समोर, आणि तोवर हजारो किलोमीटर त्यानं कसला त्रास दिलेला नसतो. वाघेऱ्याच्या पलीकडे, डांबर संपून खडीचा रस्ता लागतो तिथे, जे मोडण्याआधी बोलतं आणि मोडल्यावर दोन हातांनी जुळतं, तेच मला हवंसं वाटतं.

भाचा : ताई, बेल्टही रस्त्यावर बदलता येतो. एक जास्तीचा बेल्ट बरोबर ठेवायचा.

ताई : मग तुझ्याच गाडीचा आत्ता काढून दाखव. मी बघते, मला जमेल का.

भाच्यानं बाह्या सारल्या. स्कूटर मधल्या स्टँडवर चढली. बाजूचं प्लास्टिकचं झाकण निघालं. मग मागच्या आसाचा मोठा नट आला, आणि गाडीबरोबर मिळालेल्या हत्यारांच्या पिशवीत त्याचा पाना नव्हता. मामांनी आपल्या पेटीतला दिला, त्याला लांब पाइप लावून दोघांनी जोर केला तेव्हा नट हलला. चाक निघालं, बेल्ट हातात आला. स्वच्छ, कोरडा, एकही दाता न दुखावलेला. मामांनी तो उजेडात धरून बोटानं एकेक दाता चाचपला आणि माल चांगला असल्याचं मोकळेपणानं कबूल केलं. परत बसवताना ताणाचा प्रश्न आला. भाच्यानं बेल्टला बोटानं टिचकी मारून त्याचं कंपन मोबाईलवर मोजलं, ताण कमी निघाला, पुन्हा नट ढिला केला, पुन्हा मोजलं. चाक सरळ बसलं नाही तर बेल्ट एका कडेनं झिजतो, म्हणून तेही तपासलं. एवढं होईपर्यंत माझं पंक्चर निघून चाक लागून झालं होतं.

मग ताईनं मोटारसायकलच्या त्या झिजलेल्या चेनचं लॉक स्वतः काढलं आणि परत घातलं. पक्कड एकदा निसटली, क्लिप उडून टायरखाली गेली, ती शोधण्यात वेळ गेला. तरीही ती भाच्याच्या कितीतरी आधी मोकळी झाली.

भाचा : ठीक आहे, चेनवाली घे. पण कव्हर पूर्ण पाहिजे, आणि महिन्यातून एकदा बूच काढून मी स्वतः बघणार. मामांवर सोडणार नाही.

मामा : बघ की. तेल माझ्याकडून घेऊन जा, गिअरबॉक्सचं जाड. घालताना मागचं चाक हातानं उलटं फिरवायचं आणि धार चेनच्या आतल्या बाजूला, खालच्या पदरावर सोडायची. वरून ओतलंस तर सगळं कव्हरलाच लागेल.

ताई : आणि बाबा, लॉक एक नको, दोन द्या. एक हरवतंच.